विमलमावशींचे फरार पणजोबा

विमलमावशींना कुणी नवा माणूस भेटला की त्या आधी त्याचं आडनाव विचारतात, आणि ते डेलनी निघालं की त्याच्याशी भांडतात.

पोर्टलीशमध्ये राहून ही सवय परवडणारी नाही. आयर्लंडमधला आमचा हा लीश परगणा डेलनींनी खचाखच भरलेला आहे. दातांचा डॉक्टर डेलनी, टायरवाला डेलनी, शाळेच्या बसचा ड्रायव्हर डेलनी. एकदा सुपरमार्केटात बिल करणाऱ्या मुलीच्या छातीवरची नावाची पट्टी मावशींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून वाचली. मी मनात म्हटलं, झालं.

"यू डेलनी?"

"हो," मुलगी हसून म्हणाली.

"माउंटराथचे डेलनी?"

"माझे डॅडी तिथलेच."

"मग डॅडींना विचार, टॉमसला कुठे लपवलंय!"

मुलीला वाटलं, या बाईंचे यजमान दुकानात चुकले. तिनं माया करून माइक उचलला. टॉमस नावाच्या गृहस्थांनी कृपया पहिल्या काउंटरपाशी यावं, आपली मंडळी वाट पाहत आहेत, अशी घोषणा सगळ्या दुकानभर झाली. मी लाजेनं पावाच्या रॅककडे तोंड फिरवलं. मावशी मात्र पिशवी पोटाशी धरून खरोखर वाट बघत उभ्या राहिल्या. कुणी आलं नाही, तेव्हा म्हणाल्या, "येतोय कसला. पळपुटा!"

हा पळपुटा टॉमस डेलनी म्हणजे मावशींच्या आजीचा बाप. त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण मावशींच्या बोलण्यातून तो कालच जेवून, ताट तसंच टाकून उठून गेला असावा असं वाटायचं.

मावशी भुसावळच्या. रेल्वेत चौकशीच्या खिडकीत त्यांनी अख्खी नोकरी काढली. लोकांनी विचारायचं आणि आपण डाफरायचं, अशी त्यांची निवृत्तीपर्यंतची घडी. नवरा गेल्यावर त्यांची मुलगी रेणू, जी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तिनं त्यांना इकडे आणलं. रेणूच्या ड्यूट्या, जावयाचे दौरे, आणि नात सई मराठी सगळं समजून उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत देणारी. "आजी, यू कान्ट जस्ट शाउट अॅट पीपल," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणते. मावशी म्हणतात, "मी शाउट नाही करत, माझा आवाजच रेल्वेचा आहे."

मी त्यांची शेजारीण. माझा नवरा पहाटे उठून डब्लिनमधल्या सँट्रीला ऑफिसला जातो, मी घरी केक करून विकते, आणि माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. एवढ्या पात्रतेवर मावशींनी मला नेमून टाकलं. "मंजिरी, तू रिकामीच असतेस ना?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या हाताला मैदा होता. खरं सांगते, पहिले दोन महिने मला त्यांचा भयंकर राग यायचा. पण रागाच्या बाबतीत त्यांच्यापुढे माझं काय चालणार?

पणजोबांची हकिकत त्यांनी मला गाडीतच सांगितली, सिग्नलला सिग्नलला तुकड्यातुकड्यानं. टॉमस डेलनी भुसावळला इंजिन ड्रायव्हर होता. रूळ तपासणाऱ्या एका गँगमनची मुलगी, सीताई, तिच्याशी त्यानं घर मांडलं. लग्न चर्चमध्ये झालं की नुसतंच देवासमोर, याबद्दल भुसावळात दोन मतं होती. मुलगी झाली, मैना. ती चालायला लागली त्या सुमारास टॉमस म्हणाला, माझी आई आजारी आहे, तिला भेटून येतो. मुंबईच्या गाडीत बसला. संपलं.

"गोऱ्याची पोर म्हणून माझ्या आजीला हळदीकुंकवाला बाहेर ओसरीवर बसवायचे," मावशी म्हणाल्या. "हे घारे डोळे बघ माझे. तिचे. बिजवराला दिली तिला. माझ्या आईला शाळेत 'साहेबीण' म्हणायचे, आणि मला बघायला आलेलं एक स्थळ नुसते डोळे बघून परत गेलं. आणि हा इकडे बटाटे खात बसला असेल! सापडू दे मला."

"मावशी, तो वारलाय."

"मग थडगं सापडू दे. थडग्यापुढे उभी राहून बोलेन. ऐकून घ्यावं लागेल त्याला, उठून तर जाता येणार नाही."

पुराव्यादाखल त्यांच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. टॉमस या नावापलीकडे आजीच्या तोंडून ऐकलेले दोन शब्द फक्त: 'दिलानी' आणि 'मोतीराथ'. फाळणीनंतर सिंधी लोक भुसावळला आले, तेव्हा नव्या शेजारणींनी आडनावावरून ठरवलं की मैनाबाईंचा बाप सिंधीच असणार. आणि मोतीराथ म्हणजे कुठल्याशा देवस्थानचा रथ, अशी मावशींच्या आईची समजूत होती. इकडे आल्यावर एके दिवशी रेणू त्यांना गाडीतून नेत होती. रस्त्यावरची पाटी दिसली, माउंटराथ, आणि मावशी एवढ्या जोरात ओरडल्या की रेणूनं गाडी कठड्याला घासली. पोर्टलीशपासून जेमतेम एक डुलकी काढावी एवढ्या अंतरावर ते गाव होतं. लेकीला नोकरी नेमकी इथेच लागावी, याचा अर्थ मावशींनी लावला तो असा: "बोलावून घेतलंय मला. हिशेब द्यायला."

आयर्लंडमध्ये पूर्वज शोधायला दुनियेतून माणसं येतात. अमेरिकेहून तर बसच्या बस भरून येतात. ती माणसं जुन्या भिंतीला हात लावतात आणि रडतात. इथल्या लोकांना त्याची सवय आहे, त्यांच्याजवळ त्यासाठी चहा आणि कागदी रुमाल तयारच असतात. तक्रार घेऊन आलेलं माणूस मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं.

लायब्ररीत जुन्या नोंदी दाखवणारे एक सद्गृहस्थ होते. आवाज लोण्यासारखा मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तर युवर मॅन इंडियाला गेला कधी म्हणता?"

इथे कुणाबद्दलही बोलताना 'तो माणूस' या अर्थी 'युवर मॅन' म्हणतात. मला ते माहीत होतं. मावशींना नव्हतं.

"माय मॅन?" मावशी खुर्चीतून उठल्या. "नॉट माय मॅन! युवर मॅन! तुमचा माणूस! तुम्ही पाठवला, तुम्ही परत घेतला!"

लायब्ररी शांत झाली. सद्गृहस्थ म्हणाले, "ग्रँड." इथे काहीही झालं तरी ग्रँड म्हणतात.

मग त्यांनी अगदी अपराधी चेहऱ्यानं सांगितलं की शंभर वर्षांपूर्वीच्या यादवीत डब्लिनचं दप्तरखान्याचं घर जळालं, आणि त्या काळातले पुष्कळ कागद त्यात गेले. मावशींनी त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. "एका माणसाला वाचवायला अख्खं दप्तर जाळलंत?" त्या म्हणाल्या. हे भाषांतर मी केलं नाही.

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मात्र शाबूत होत्या. त्या संगणकाच्या पडद्यावर बघता येत. इथल्या मोठ्या दुष्काळाच्या नंतरच्या वर्षांत त्या गावात टॉमस डेलनी इतके जन्मले होते की मावशींना घेरी यायची बाकी राहिली. सगळ्यांच्या बापाचं नाव जॉन नाही तर पॅट्रिक, आईचं मेरी नाही तर ब्रिजेट.

"या लोकांना नावं ठेवायची अक्कल नाही," मावशी म्हणाल्या. "आपण बघ किती नावं ठेवतो."

ते मात्र खरं होतं.

हिवाळाभर आम्ही त्या पडद्यापुढे बसलो. एखादा टॉमस जुळतोय असं वाटावं, तर तो इथेच म्हातारा होऊन मेलेला निघायचा. असा टॉमस निघाला की मावशींना त्याचाही राग यायचा, कारण तो घरी राहिला होता. मग माझ्या नवऱ्यानं ती लाळेची तपासणी सुचवली. नळीत लाळ भरून पाठवायची, ते रक्ताचं नातं शोधून देतात. मी मावशींना नळी दाखवली आणि भीत भीत म्हटलं, "यात थुंकायचं आहे."

"त्याच्या नावानं?" मावशींचा चेहरा उजळला. "आण इकडे."

नळीवर एक रेघ होती, तिथपर्यंत भरायचं होतं. मावशी थांबल्या तेव्हा रेघ केव्हाच बुडाली होती.

उत्तर आलं त्या दिवशी रेणूच्या स्वयंपाकघरात आम्ही लॅपटॉपला घेरून उभ्या होतो. नकाशावर खानदेशाच्या बाजूला एक भलामोठा गोळा, आणि इकडे लीशवर एक ठिपका. त्याखाली जुळलेल्या नातलगाचं नाव: जॉन जो डेलनी. हे गृहस्थ माउंटराथच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी शेतावर एकटेच राहत होते. त्यांच्या पुतणीनं नाताळात गंमत म्हणून त्यांच्याकडून नळी भरून घेतली होती. मी तिला निरोप धाडला, तिचं लगेच उत्तर आलं: काकांच्या आजोबांचा एक भाऊ टॉम हिंदुस्थानात गेला होता खरा; जरूर या, पण सांभाळून, काका जरा तिरसट आहेत.

मावशी म्हणाल्या, "असू दे. मीपण काय साखर वाटायला नाही चालले."

आम्ही गेलो तो शनिवार होता. मावशींनी कोर्टात तारखेला जावं तशी कडक इस्त्रीची साडी नेसली होती, वर रेणूचं फुगीर जॅकेट. वाटेत त्यांनी माझ्यावर भाषणाची तालीम केली. भाषण इंग्रजीत होतं आणि चौकशीच्या खिडकीतल्या इंग्रजीत होतं. "मिस्टर डेलनी, युवर ग्रँडफादर्स ब्रदर लेफ्ट भुसावळ. रिटर्न जर्नी नॉट परफॉर्म्ड. प्लीज एक्स्प्लेन."

तालीम संपल्यावर त्यांनी जॅकेटची चेन वर ओढली. मग खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघत म्हणाल्या, "माझी आजी त्याच्याबद्दल वाईट एक शब्द ऐकून घ्यायची नाही. कुणी काही बोललं की म्हणायची, अडकला असेल गं कुठेतरी. म्हातारी झाली तरी तेच. मी पंधरा-सोळा वर्षांची होते ती गेली तेव्हा. तिला राग आलाच नाही कधी. मग मला आणावा लागला. घरात कुणीतरी रागवायला नको का?"

मी गिअर बदलला.

जॉन जो दारातच उभे होते. पंच्याऐंशीच्या आतबाहेरचे, उंच, वाकलेले, काठी टेकत. आणि डोळे घारे. अगदी तेच, जे माझ्या शेजारच्या सीटवर वर्षभर बसून मला रस्ता सांगत होते. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

स्वयंपाकघर थंड होतं. टेबलावर एकच कप, एकच बशी. त्यांनी भिंतीतल्या कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत 'प्रेस'मधून, आमच्यासाठी आणखी दोन कप काढले आणि बाहीनं पुसले. मावशी बसल्या नाहीत. त्यांनी घसा साफ केला. पण तोंड आधी जॉन जोंनीच उघडलं.

"तर तुम्ही त्या बाईच्या वंशातल्या," ते म्हणाले. "जिनं आमच्या टॉमला ठेवून घेतलं."

मावशींना त्यांचं इंग्रजी उमगेना, मी सांगितलं. मी ते जरा सौम्य करून सांगायला हवं होतं.

"ठेवून घेतलं?" मावशींचा रेल्वेचा आवाज त्या स्वयंपाकघरात मावेना. "आमच्या सीताईनं? पदरात पोर टाकून हा इकडे पळाला, आणि ठेवून घेतलं म्हणता? तुम्ही ठेवून घेतलंत! त्याच्या आईनं!"

"त्याची आई?" म्हाताऱ्यानं काठी फरशीवर आपटली. "त्याच्या आईचं नाव तोंडात घेऊ नका! ती बाई झुरून मेली. गावातला एक शिपाई हिंदुस्थानातून परत आला, त्याच्या हाती टॉमचा निरोप होता, आईला सांग मी येतोय. तिनं त्याची खोली चुना देऊन पांढरी करून घेतली. अंथरुणातून उठून सगळ्यांना कामाला लावलं. माझे आजोबा सांगायचे. पुढे त्यांनीच घरात त्याचं नाव घ्यायची बंदी केली. आईपेक्षा त्याला तिकडचं ऊन आणि तिकडची बाई गोड लागली म्हणाले."

मी भाषांतर करता करता अडखळले. मावशींनी मला पुढे ढकललं. "सांग ना, काय म्हणून राह्यला तो?"

मी सांगितलं.

मावशी एक पाऊल पुढे झाल्या. मग त्या अगदी हळू, मला मध्ये न घेता, आपल्या त्या इंग्रजीत म्हणाल्या, "ही... नॉट कम हिअर?"

"नाही," जॉन जो म्हणाले. "तो तर तुमच्याकडे होता."

"नो," मावशी म्हणाल्या. "नॉट विथ अस."

किटली शिट्टी घालायला लागली होती. कुणी उठलं नाही. भुसावळला एक घर आणि माउंटराथला एक घर, दोन्ही घरं शंभर वर्षं एकाच माणसाला शिव्या देत बसली होती, आणि तो दुसऱ्या घरी सुखात आहे अशी दोघांचीही खात्री होती. मधे कुठे काय झालं असेल कुणास ठाऊक. मुंबईच्या बंदरात ताप आला असेल, बोटीवर काही झालं असेल. आईकडे निघालेला एक तरणा माणूस मधल्या मध्ये नाहीसा झाला, आणि दोन्हीकडच्यांपैकी कुणालाही त्याची काळजी वाटली नाही. राग आला फक्त. काळजी करणारी एकटी मैनाआजी.

मावशी शेवटी खुर्चीवर बसल्या. एवढ्या वर्षांचा राग एकदम कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नसावं. त्या साडीचा पदर उगीच सारखा करत राहिल्या. जॉन जोंनी किटली उतरवली, चहा केला, साखर किती ते न विचारता घातली. मावशी तो निमूट प्यायल्या. बिनउकळीच्या चहाला त्यांनी नावं ठेवली नाहीत, असं पहिल्यांदाच घडलं.

थोड्या वेळानं त्यांनी मला मराठीत विचारलं, "हा माझा कोण लागतो?"

मी बोटांवर हिशेब केला. यांचे वडील आणि मैनाआजी चुलत भावंडं. म्हणजे हे मावशींच्या आईच्या नात्यात भाऊ. "मामा," मी म्हटलं.

"मामा?" मावशींनी त्या वाकलेल्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या स्वेटरच्या कोपराला पडलेलं भोक पाहिलं. "माझ्या आईला कुणी भाऊ नव्हता. भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची." मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "विचार त्याला, घरच्यांची थडगी कुठे आहेत. मला बघायचंय."

चर्च जवळच होतं, त्यामागे दफनभूमी. जॉन जो पुढे काठी टेकत, मावशी मागे साडी वर धरून. डेलनींचा दगड जुना होता, शेवाळलेला. वर नवऱ्याचं नाव, त्याखाली ब्रिजेट, मग घरातली बाकीची. टॉमसचं नाव कुठे नव्हतं. मी एक पाऊल मागे सरले. याच जागेसाठी तर वर्षभराची तालीम होती, आणि या बाईचा आवाज डोंगरापलीकडे ऐकू जातो, हे मला माहीत होतं.

मावशींनी दगडावरचं 'ब्रिजेट' हे नाव बोटानं वाचलं. मग त्या खाली, ओल्या गवतात बसल्या. म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यावर ठेवावा तसा हात त्यांनी दगडावर ठेवला आणि घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "खापरपणजी, मी तुमच्या टॉमसच्या मैनीची नात. भुसावळहून आले. तो तुमच्याकडे यायलाच निघाला होता हो. आमच्याकडून निघाला होता, खरंच. आमच्या कुणी अडवलं नाही त्याला."

जॉन जोंनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांनी मला हळूच विचारलं, ती काय म्हणते. मी जसंच्या तसं सांगितलं. या वेळी सौम्य करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यांनी टोपी बोटांत फिरवली. मग म्हणाले, "हे तिला कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं."

त्यांनी काठी दगडाला टेकवून ठेवली, एका हातानं माझा खांदा धरला आणि गुडघे मोडत मोडत, कण्हत, मावशींच्या शेजारी त्याच गवतावर बसले.